पताका आणि बिंदू : दीर्घ अद्भुतकथामालांमधील हरवलेल्या मुख्य कथासूत्राचा विचार

प्रास्ताविक

इंग्रजीतील अद्भुतरम्य कादंबरीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो विस्तार साधला, त्यातून कथामाला हा एक स्वतंत्र आकृतिबंध उदयास आला. एकाच कथेसाठी पाच, सात, प्रसंगी चौदा खंड, आणि प्रत्येक खंड सातशे-आठशे पृष्ठांचा, हे आता या प्रकाराचे सामान्य लक्षण मानले जाते. या कथामालांविषयी त्यांच्या निष्ठावंत वाचकांकडूनच एक तक्रार सातत्याने ऐकावयास मिळते. ज्या प्रश्नासाठी कथा सुरू झाली तो प्रश्न मधल्या खंडांत दिसेनासा होतो, नवी पात्रे व नवे प्रदेश यांची गर्दी वाढत जाते आणि वाचक मूळ कथेची वाट पाहत राहतो, अशी ही तक्रार होय. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. अद्भुतकथा हा आपल्या अभ्यासक्रमांच्या परिघावरील विषय, आणि तक्रार करणारा वाचक बहुधा तरुण. त्यामुळे 'धीर नाही' असे म्हणून त्याची बोळवण केली जाते. ही बोळवण न्याय्य नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मुख्य कथासूत्र हरवणे म्हणजे नेमके काय, ते कोणत्या कारणांनी हरवते आणि विस्तार व भरकटणे यांत फरक कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मुख्यत्वे रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या कथामालेचा आधार घेतला आहे.

आकृतिबंधाची जडणघडण

या प्रकाराचे मूळ जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये शोधण्याची प्रथा आहे. 1954 व 1955 या वर्षांत ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तथापि टॉल्किन यांनी ती तीन खंडांची म्हणून लिहिली नव्हती. ती एकच सलग कादंबरी होती. युद्धोत्तर काळातील कागदाची टंचाई व निर्मितीखर्च यांमुळे प्रकाशकाने तिचे तीन भाग केले. प्रकाशकाच्या हिशेबातून जन्मलेली ही विभागणी पुढे त्रिखंडात्मक अद्भुतकथेचा जणू शास्त्रसंमत साचाच ठरली, हा वाङ्मयेतिहासातील एक गमतीचा योगायोग म्हणावा लागेल.

यापेक्षा महत्त्वाची बाब निराळी आहे. टॉल्किन यांनी 1937च्या अखेरीस लेखनास आरंभ केला आणि 1949च्या सुमारास संपूर्ण कथा हातावेगळी केली. पहिला खंड वाचकाच्या हाती पडला तेव्हा शेवटचे प्रकरण लिहून तयार होते. शेवटाकडे जाताना जे नवे सुचले त्याच्या अनुषंगाने आरंभ दुरुस्त करण्याची मुभा त्यांना होती, आणि ती त्यांनी पुरेपूर घेतली. किंबहुना 1937मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द हॉबिट'मधील गॉलमचे प्रकरणही त्यांनी 1951च्या आवृत्तीत बदलले, कारण अंगठीचे नवे स्वरूप जुन्या प्रकरणाशी जुळत नव्हते. त्यांच्यानंतरच्या कथामालाकारांना ही मुभा राहिली नाही. पहिला खंड बाजारात, दुसरा छापखान्यात आणि तिसरा लेखकाच्या मनात, अशी त्यांची स्थिती असते. छापून गेलेले पान परत घेता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांतून क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्यांची अडचण हीच होती. आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांनी 1890पासून 'करमणूक' साप्ताहिकातून जे कादंबरीलेखन केले, त्यातील ऐसपैस विस्ताराची चर्चा मराठी समीक्षेने केलेली आहेच. फरक इतकाच की साप्ताहिकाच्या वाचकाला पुढच्या प्रकरणासाठी आठवडाभर थांबावे लागे. कथामालेच्या वाचकाला दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

'द व्हील ऑफ टाइम' : सूत्र कोठे सुटले?

रॉबर्ट जॉर्डन हे जेम्स ऑलिव्हर रिग्नी (1948–2007) यांचे टोपणनाव. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन हे त्यांचे गाव. 'द आय ऑफ द वर्ल्ड' हा पहिला खंड 1990मध्ये प्रसिद्ध झाला आणि चौदावा, 'अ मेमरी ऑफ लाइट', 2013मध्ये. 2004मध्ये आलेली पूर्वकथा यात धरलेली नाही.

कथेचे बीज साधे आहे. रँड अल'थॉर हा एका आडवळणी गावातील मेंढपाळ तरुण पूर्वयुगातील वीराचा पुनर्जन्म आहे आणि अखेरच्या युद्धात त्याला तमोधिपतीशी सामना करावयाचा आहे, असे भविष्य वर्तविलेले असते. ज्या शक्तीच्या बळावर हा सामना व्हावयाचा, त्या शक्तीचा पुरुषांना उपलब्ध असलेला अर्धा भाग दूषित झालेला आहे. तो वापरणारा पुरुष कालांतराने वेडा होतो. म्हणजे नायकाला विजयासाठी जे साधन आवश्यक तेच त्याचा नाश करणार. हा पेच खरोखर समर्थ आहे, आणि पहिले सहा खंड तो उत्तम रीतीने पेलतात. 1994च्या 'लॉर्ड ऑफ केऑस'चा शेवट ज्या रणांगणावर होतो, तेथपर्यंत पोचलेला वाचक पुस्तक सहसा खाली ठेवत नाही.

त्यानंतर गती मंदावते. कथानायक दिसत नाही म्हणून असे घडले, हे उत्तर अनेकदा दिले जाते. ते पुरेसे नाही. 1991मधील 'द ड्रॅगन रिबॉर्न' या तिसऱ्या खंडात रँड जवळजवळ अनुपस्थित आहे. तरीही तेथे कथासूत्र क्षणभरही सैल होत नाही, कारण इतर सर्व पात्रे त्याच्याच दिशेने निघालेली असतात आणि सर्वांच्या वाटा शेवटी एकाच दुर्गात मिळतात. नायक पडद्याआड असूनही प्रत्येक प्रकरण त्याच्याविषयीच बोलत असते.

याच्या नेमके उलट चित्र आठव्या ते दहाव्या खंडांत दिसते. सातव्या खंडाच्या (1996) शेवटी मॅट हे प्रमुख पात्र कोसळत्या भिंतीखाली सापडते. आठव्या खंडात (1998) तो कोठेच नाही. वाचकाला त्याचे कुशल कळते ते नवव्या खंडात, 2000मध्ये. पेरिन या दुसऱ्या प्रमुख पात्राच्या पत्नीचे, फेलीचे, अपहरण आठव्या खंडात होते आणि तिची सुटका अकराव्या खंडात, 2005मध्ये. कथेतील काळ मोजला तर हे प्रकरण काही आठवड्यांचे आहे. पेरिन चामड्याच्या दोरीला रोज एक गाठ मारून दिवस मोजतो. वाचकाने सात वर्षे मोजली. त्याच सुमारास एलेन या राजकन्येच्या सिंहासनप्राप्तीचे प्रकरणही दोन-अडीच खंड व्यापून बसते. तिच्या पाठीशी कोणती घराणी उभी राहतील, याचा हिशेब इतक्या तपशिलाने येतो की वाचकाने वंशावळ्यांची वही घालावी.

या सर्वांचा कळस म्हणजे 2003मधील दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'. नवव्या खंडाच्या अखेरीस रँड एक अभूतपूर्व कृत्य करतो : नायनीव्हच्या साहाय्याने तो त्या दूषित शक्तीचे शुद्धीकरण करतो. मालेच्या बीजाशी थेट निगडित असलेली ही घटना आहे. वाचक साहजिकच विचारतो, आता पुढे काय? दहावा खंड उत्तर देण्याऐवजी काळ मागे नेतो. त्याच दिवसाच्या आगेमागे मॅट काय करीत होता, पेरिन कोठे होता, एलेन व एग्वेन कशात गुंतल्या होत्या, हे एकेक करून सांगितले जाते. आणि दूरवर चाललेल्या प्रचंड शक्तिप्रयोगाची चाहूल प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी लागते. सातशेच्या आसपास पृष्ठांचा हा ग्रंथ बव्हंशी एका घडून गेलेल्या घटनेची चाहूल आहे. रचनेच्या दृष्टीने ही कल्पना टाकाऊ नाही. दोन-तीन प्रकरणांत ती प्रभावी ठरली असती.

येथे स्वतःचा अनुभव नमूद करणे अस्थानी ठरू नये. एम.फिल.च्या काळात वसतिगृहातील एका मैत्रिणीकडून घेऊन मी ही माला वाचू लागले, तेव्हा ती पूर्ण झालेली होती. चौदाही खंड तिच्या खाटेखाली एका पेटीत होते. वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दहाव्या खंडाच्या मध्यावर मी पुस्तक मिटले आणि पुढे सुमारे सात महिने उघडले नाही. तेव्हा हा दोष केवळ प्रकाशनातील विलंबाचा आहे, असे मला म्हणता येत नाही.

अर्थप्रकृतींच्या प्रकाशात

भारतीय नाट्यशास्त्राने कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत : बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त आणि पुढे दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त त्यांचे विवेचन येते. पदवीच्या वर्गांत आपण ही परिभाषा व्याख्यांपुरती शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. परंतु प्रस्तुत समस्येसाठी ती आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी आहे.

मुख्य कथेला साहाय्यभूत होणारे, दूरवर चालणारे उपकथानक म्हणजे पताका. रामकथेतील सुग्रीवाचा वृत्तांत हे तिचे रूढ उदाहरण. एखाद्या प्रदेशापुरते मर्यादित असलेले लहान उपाख्यान म्हणजे प्रकरी. पताकेचा नायक स्वतःचे प्रयोजन घेऊन येतो. सुग्रीवाला स्वतःचे राज्य हवे असते, मात्र त्याच्या कार्यसिद्धीतून रामाचे कार्य पुढे सरकते. शास्त्रकारांनी पताकेला कालमर्यादाही घातली आहे : गर्भ किंवा विमर्श संधीपर्यंत तिने निवृत्त व्हावे. फलप्राप्ती जवळ आली की पताकानायकाचे स्वतंत्र कार्य संपलेले असावे, म्हणजे तो आपल्या सैन्यासह मुख्य कार्यासाठी मोकळा राहतो.

आणि बिंदू? अवांतर प्रसंगांमुळे मुख्य प्रयोजन खंडित झाल्यासारखे वाटत असता जो घटक त्याला पुन्हा जोडतो, तो बिंदू. पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थेंबाची उपमा त्याला दिली जाते. थेंब पसरतो, पण तुटत नाही.

या परिभाषेत बोलावयाचे तर जॉर्डन यांच्या मधल्या खंडांत पताकांची संख्या वाढली हा गौण दोष आहे. त्या निवृत्त होत नाहीत, हा मुख्य दोष आहे. फेलीच्या सुटकेने अखेरच्या युद्धाच्या तयारीत काय पडते, हा प्रश्न आठव्या, नवव्या वा दहाव्या खंडाच्या वाचकाने विचारला तर त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही. सुग्रीवाचे राज्य त्याला मिळत नाही, म्हणून सेतू बांधला जात नाही, अशी ही अवस्था. आणि बिंदू जवळजवळ लुप्त होतो. शुद्धीकरणाची घटना हा खरा बिंदू होता. दहाव्या खंडाने तिचे रूपांतर क्षितिजावरील प्रकाशात केले.

यामागे एक साधे गणितही आहे. कथेत पाच दृष्टिबिंदू असतील आणि खंडाची पृष्ठे तितकीच राहिली, तर प्रत्येक दृष्टिबिंदूला एक पंचमांश जागा मिळते. ते पंधरा झाले की एक पंचदशांश. प्रत्येक पात्राला हजेरी लावावयाची तर त्याच्या वाट्याला खंडामागे दोन-चार प्रकरणे येतात आणि तेवढ्यात त्याची कथा फार तर एक पाऊल सरकते. पात्रे निर्माण करणे लेखकाच्या हाती असते. एकदा वाचकांचा जीव त्यांवर जडला की त्यांना निरोप देणे पूर्णतः त्याच्या हाती राहत नाही.

मार्टिन यांची गाठ

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालेचे उदाहरण अधिक परिचित असल्याने त्याचा उल्लेख थोडक्यात पुरे. त्रिखंडात्मक म्हणून योजिलेल्या या मालेचा पहिला खंड 1996मध्ये आला. त्याची पहिलीच पाने उत्तरेकडील हिमप्रदेशातून येणाऱ्या संकटाची आहेत. म्हणजे बीज कोणते, हे लेखकाने स्वतःच सांगितले आहे. तिसऱ्या खंडानंतर (2000) कथेत पाच वर्षांचे अंतर सोडण्याचा बेत होता. तो सोडून द्यावा लागला. वाढलेला मजकूर काळानुसार न विभागता प्रदेशानुसार विभागला गेला. परिणामी 2005च्या 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये टिरियन व डनेरिस नाहीत, जॉन स्नो निमित्तमात्र आहे, आणि डॉर्न व लोहद्वीपांतील नवी पात्रे पुढे आली आहेत. उरलेला अर्धा भाग पुढील वर्षी येईल, अशी आशा लेखकाने ग्रंथाच्या शेवटी व्यक्त केली होती. तो 2011मध्ये आला. मिरीन नगरीत कोणते पात्र कोणत्या क्रमाने पोचावे, हा पेच सुटत नव्हता. मार्टिन यांनी स्वतःच त्याला 'मिरीनची गाठ' असे नाव दिले. त्यानंतर दशकाहून अधिक काळ सहाव्या खंडाची प्रतीक्षा चालली, आणि 2019मध्ये दूरचित्रवाणी मालिकेने मूळ ग्रंथाच्या आधीच शेवट गाठला.

लेखकांचे वास्तुकार आणि माळी असे दोन वर्ग असतात व आपण माळी आहोत, असे मार्टिन सांगतात. उपमा सुंदर आहे. पण माळ्याच्या हाती कात्रीही असते.

आक्षेप : आपली परंपरा तरी संक्षिप्त कोठे आहे?

भारतीय वाचकाने विस्ताराची तक्रार करावी, याचे कोणास नवल वाटेल. लक्ष श्लोकांचा म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ ज्यांच्या घरात आहे त्यांना चौदा खंडांचे काय? आक्षेप बिनतोड दिसतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

महाभारताच्या वनपर्वात उपाख्यानांची रेलचेल आहे. बृहदश्व नलकथा सांगतो, मार्कंडेय सावित्रीची. पण ही उपाख्याने कोणत्या जागी येतात ते पाहावे. द्यूत होऊन गेले आहे, बारा वर्षांचा वनवास ठरलेला आहे, पांडवांना त्या काळात दुसरे करण्याजोगे फारसे नाही. रिकाम्या काळात कथा सांगितल्या जातात. शिवाय द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिराला द्यूतात सर्वस्व गमावलेल्या नलाची कथा ऐकवली जाते. बिंदू कायम आहे. आणि वनवासाची मुदत श्रोत्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. विलंब मोजलेला आहे.

दास्तानांची गोष्ट वेगळी. उर्दूतील 'दास्तान-ए-अमीर हमज़ा' लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेहेचाळीस खंडांत छापली. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा तिचाच सर्वाधिक गाजलेला भाग. तेथे कथा रोखून धरणे हेच कथनकाराचे कौशल्य मानले जाई. श्रोता शेवटासाठी बसलेलाच नसे. तिलिस्मात हरवणे हे त्याचे सुख होते. याच परंपरेतून देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' (1888) व चोवीस भागांची 'चंद्रकांता संतति' आली. तेथे रहस्यांतून रहस्ये निघतात, आणि वाचक त्याबद्दल कुरकुरत नाही.

मग जॉर्डन यांच्यावरच राग का? कारण त्यांनी करार वेगळा केला होता. दास्तान शेवटाचे वचन देत नाही. अखेरच्या युद्धाचे भविष्य सांगून सुरू होणारी माला ते पहिल्याच खंडात देते. ते तिचे भांडवलच असते. या वचनावर वाचक दुसरा, तिसरा, चौथा खंड घेतो. विस्तार निंद्य नाही. पण शेवटाच्या नावावर घेतलेले कर्ज दास्तानी सुखातून फेडता येत नाही.

बाजाराने ही बाब उघड होऊ दिली नाही, हेही नोंदवले पाहिजे. ज्या आठव्या खंडापासून वाचकांचा असंतोष वाढला, त्याच खंडापासून ही माला न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत प्रथम क्रमांकावर येऊ लागली. हजारो पृष्ठे वाचून झालेला वाचक पुढचा खंड घेतोच. त्याची गुंतवणूक त्याला मागे फिरू देत नाही. खप हे अशा वेळी समाधानाचे माप राहत नाही. पण लेखक व प्रकाशक यांच्याजवळ दुसरे माप तरी कोणते होते?

लेखकाचे आयुष्य

2005च्या अकराव्या खंडात जॉर्डन यांनी एकामागून एक गाठी सोडविल्या. फेलीची सुटका झाली, एलेनला सिंहासन मिळाले, मॅटचे लग्न लागले. पताका निवृत्त होऊ लागल्या होत्या. पुढील एकच खंड शेवटचा, असे त्यांनी जाहीर केले होते. 2006मध्ये त्यांना हृदयाचा दुर्धर विकार झाल्याचे जाहीर झाले आणि 16 सप्टेंबर 2007 रोजी त्यांचे निधन झाले. आजारपणात त्यांनी टिपणे करून ठेवली, कुटुंबीयांना कथेचे पुढील भाग सांगितले. त्यांच्या पत्नी व संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. एका खंडाचे तीन खंड झाले, आणि अखेरचे युद्ध एकदाचे लढले गेले; त्याचे एकच प्रकरण सुमारे दोनशे पृष्ठांचे आहे. खत्री यांच्या बाबतीतही असेच घडले होते. 'भूतनाथ' अपुरी ठेवून ते 1913मध्ये निवर्तले. ती पुढे त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली.

हे कळल्यावर दहाव्या खंडाविषयीचा माझा राग ओसरला, असे मात्र म्हणता येत नाही. उलट तो थोडा वाढला. त्या सातशे पृष्ठांचा व त्यांसाठी गेलेल्या काळाचा हिशेब आता निराळा वाटू लागला. लेखकाजवळ वेळ अमर्याद आहे, हे गृहीतच मुळी कथामालेच्या रचनेत दडलेले असते. वाचकाच्या वेळेबाबतही तेच.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी ग्रंथालयाबाहेर भेटली. सातवा खंड संपवून ती आठव्यात अडकली होती. 'मॅडम, मला शेवट हवा आहे, पण मधले वाचवत नाही. थेट अकरावा घेतला तर चालेल का?' असे तिने विचारले. कोणतेही पुस्तक गाळून वाचा असे विद्यार्थ्यांना मी आजवर सांगितले नव्हते. थोडा वेळ थांबून म्हटले, 'चालेल. फक्त नवव्याचे शेवटचे प्रकरण आधी वाच.'